तक्रार टिकायची तर

गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी २००९ साली आपल्याच विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. समिती बसली, जबाब झाले, अहवाल आला आणि कार्यकारी परिषदेने त्या प्राध्यापकाला बडतर्फ केलं. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. मग १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं रद्दबातल ठरवून चौकशी ५ मे २००९ रोजी जिथे होती तिथून पुन्हा सुरू करायला सांगितलं. तक्रार खरी की खोटी यावरचा हा निकाल नव्हता. समितीने मे महिन्यात सुनावण्यांच्या तारखा एकाला लागून एक लावल्या, बचावाची तयारी करायला पुरेसा अवधी दिला नाही आणि शेवटी संबंधिताच्या गैरहजेरीत चौकशी उरकली, एवढाच दोष होता. पण तेवढ्याने चौदा वर्षांचं काम वाया गेलं. या घाईने आरोपीचं नुकसान झालं असं न्यायालय म्हणालं आणि ते कायद्याला धरूनच होतं. पण तक्रार घेऊन पुढे आलेल्या मुलींचं जे झालं त्याची मोजदाद कुठल्याच निकालपत्रात होत नसते.

महाविद्यालयात असं काही घडलं की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक, ‘समिती-बिमिती काही करत नाही, गप्प बस, डिग्री घे आणि बाहेर पड.’ दुसरा, ‘त्याला ताबडतोब काढून टाका, चौकशी कसली करताय?’ हे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोहोंच्या मुळाशी समज एकच आहे: प्रक्रिया म्हणजे संस्थेने स्वतःला वाचवण्यासाठी उभं केलेलं कागदी कुंपण. माझं म्हणणं याच्या उलट आहे. नीट पाळलेली प्रक्रिया तक्रार करणाऱ्या मुलीच्या बाजूची असते, कारण पुढे अपिलात आणि कोर्टात टिकते ती तशीच चौकशी. शिवाय याच प्रक्रियेत चौकशीच्या निकालाची वाट न पाहता पहिल्या आठवड्यात मागता येतील अशा बऱ्याच गोष्टी आहेत. त्या न मागितल्या तर सहसा आपण होऊन कुणी देत नाही. म्हणून विद्यार्थिनींनी, पालकांनी आणि समितीवर नेमल्या जाणाऱ्या प्राध्यापकांनीही हे नियम आधीच माहीत करून घेतलेले बरे.

नियम कुठून आले हे थोडक्यात सांगतो. १९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावी बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर १९९७ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला. तो कागदावरच राहतोय हे पाहून पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते याचिका म्हणून घेतलं आणि २००४ मध्ये तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा असं बजावलं. याआधी समितीपुढे एकदा आणि खातेनिहाय चौकशीत दुसऱ्यांदा, असं बाईला सगळं दोनदा सांगावं लागत असे. पुढे याच विषयावरचा २०१३ चा कायदा झाला आणि उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१५ चे विनियम काढले. आज महाविद्यालयातल्या तक्रारीला लागू होतात ते हे दोन दस्तऐवज.

त्यातलं पहिलं पाहण्यासारखं म्हणजे समितीची रचना. आपल्याकडे अजूनही अनेक महाविद्यालयांत तिला सवयीने ‘विशाखा समिती’ म्हणतात, आणि कित्येकदा महिला विकास कक्षालाच ती समिती समजलं जातं. कक्ष व्याख्यानं घेतो, महिला दिन साजरा करतो. चौकशीचा अधिकार फक्त अंतर्गत तक्रार समितीला आहे. अर्ज देण्यापूर्वी तिच्या सदस्यांची यादी मागा. ती फलकावर आणि संकेतस्थळावर असायलाच हवी. अध्यक्षस्थानी ज्येष्ठ महिला प्राध्यापक, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, या विषयाची जाण असलेल्या स्वयंसेवी संस्थेतली एक बाहेरची व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी. एकूण सदस्यांत निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या व्यक्तींना यूजीसीने सदस्यत्व नाकारलं आहे. हे तपासणं किरकोळ वाटेल, पण बाहेरची सदस्य नसलेल्या समितीने दिलेला चांगला अहवालही पुढे आव्हान मिळताच डळमळतो. रचनेत उणीव दिसली तर अर्जाबरोबरच ती लेखी कळवा. तशी समितीच नसेल, तर कायद्यात संस्थाप्रमुखाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि यूजीसी अनुदानही रोखू शकते.

दुसरी गोष्ट मुदतीची, आणि ही फार निर्दय आहे. घटना घडल्यापासून, किंवा प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. उशिराचं कारण पटलं तर समिती ते नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे नाही. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध केलेली तक्रार याच कारणाने फेटाळली गेली: शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली, तक्रार त्या वर्षीच्या डिसेंबर अखेरची. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मुदतीचा मुद्दा मान्य केला, मात्र हा निकाल कुलगुरूंच्या परिचयपत्रात कायम नोंदलेला राहावा असाही आदेश दिला. माझ्या मते तीन महिने ही मुदत विद्यापीठाच्या वास्तवाला धरून नाही. जिचे इंटर्नल मार्क, व्हायवा आणि पीएच.डी.चा प्रबंध एकाच माणसाच्या हातात आहेत, ती मुलगी सत्र संपण्याआधी तोंड उघडेल ही अपेक्षाच अवास्तव आहे. पण नियम बदलेपर्यंत तो आहे तसा धरून चालावं लागतं. तेव्हा तक्रार करायची की नाही हे ठरलेलं नसलं तरी घडलेल्या गोष्टी तारीख, वेळ, जागा आणि आजूबाजूला कोण होतं यांसह लिहून ठेवा, मेसेज आणि ईमेल पुसू नका, आणि कॅलेंडरवर ती मुदत मांडून ठेवा. लिहिणं जमत नसेल तर तक्रार लेखी करायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. मुलगी शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अर्ज देण्याच्या स्थितीत नसेल तर मैत्रीण, नातेवाईक, सहकारी किंवा समुपदेशकही तो देऊ शकतात. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नका. चौकशीची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

‘हे कॉलेजच्या आवारात घडलंच नाही’ हे उत्तर अनेकींना ऐकावं लागतं. ते चुकीचं आहे. विनियमांत आवार म्हणजे फक्त वर्ग आणि प्रयोगशाळा नाहीत. वसतिगृह, कॅन्टीन, महाविद्यालयाची बस, अभ्याससहल, इंटर्नशिप, शिबिर, क्रीडास्पर्धा, युवा महोत्सव हे सगळं त्यात येतं. बाहेरून आलेल्या परीक्षकाने किंवा कंत्राटदाराच्या माणसाने त्रास दिला तरी संस्थेची जबाबदारी संपत नाही. विनियमांच्या नावात स्त्रियाच असल्या तरी काही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही या छळाला बळी पडतात हे मान्य करून सर्वांच्या बाबतीत ठाम पावलं उचलण्याची जबाबदारी यूजीसीने संस्थांवर टाकली आहे. एक फरक मात्र महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवायला हवा. इथे अनेक ठिकाणी अकरावी-बारावीचं कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत भरतं. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत पॉक्सो कायदा लागू होतो आणि गुन्ह्याची माहिती कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन येतं. ‘आधी समितीत पाहू’ म्हणून अशी बाब दाबून ठेवणारे प्राचार्य स्वतःच गुन्ह्यात सापडू शकतात.

आता ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं त्या भागाकडे येतो. तक्रार दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंत त्या मुलीचं रोजचं शिक्षण चालू राहायचं असतं, आणि ते कसं चालू राहील याची तरतूद नियमांतच आहे. तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची दुसऱ्या विभागात बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, हजेरीच्या अटीतून सूट, दुसरा गाईड, त्या व्यक्तीने तिचे पेपर तपासू नयेत आणि मूल्यमापन करू नये असा आदेश, तिच्यापासून दूर राहण्याची ताकीद. यांतलं काहीही मिळण्यासाठी आरोप सिद्ध व्हावा लागत नाही. यावर प्राध्यापकवर्गातून हमखास येणारा आक्षेप असा की, सिद्ध होण्याआधीच कुणाचं तपासणीचं काम काढून घेणं ही शिक्षाच झाली. तसं नाही. अपघातात जखमी झालेल्याला आधी दवाखान्यात नेतात, चूक कोणत्या गाडीची हे पंचनाम्यात नंतर ठरतं. नेण्याने कुणीही दोषी ठरत नाही. पेपर दुसऱ्याने तपासले तर निर्दोष प्राध्यापकाचं काहीच जात नाही, उलट ‘सूड म्हणून नापास केलं’ या पुढच्या आरोपापासून तो वाचतो. मात्र एक अट: ही व्यवस्था तिच्या मागणीनुसार हवी. गैरसोय टाळायला तिलाच वसतिगृह सोडायला लावणं किंवा ‘काही दिवस घरी जा’ म्हणणं हा दिलासा नव्हे. म्हणून तक्रारीच्या अर्जातच शेवटचा परिच्छेद याचा लिहा: मला अमुक वर्गाला बसायचं आहे, अमुक सबमिशन दुसऱ्या शिक्षकांकडे द्यायचं आहे, अमुक प्रॅक्टिकलला ती व्यक्ती नको. मागणी जितकी नेमकी, तितकं टाळणं अवघड.

हे वेळेवर न झाल्यास काय होतं ते जुलै २०२५ मध्ये ओडिशातल्या बालासोर इथल्या महाविद्यालयात दिसलं. विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार करूनही दाद लागत नाही म्हणून एका विद्यार्थिनीने टोकाचं पाऊल उचललं आणि तिचा मृत्यू झाला. त्या विभागप्रमुखाबरोबर प्राचार्यांनाही अटक झाली. तिथे समिती नव्हती असं नाही. तक्रार आणि निर्णय यांच्यामधल्या दिवसांत त्या मुलीजवळ कोण होतं, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारायला हवा. अशा काळात मनावर ताण असह्य झाला तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक आहेत.

चौकशीचा क्रम सरळ आहे. सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते, दहा दिवसांत त्याने साक्षीदारांच्या यादीसह उत्तर द्यायचं, आणि नव्वद दिवसांत चौकशी संपवायची. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. बाहेर वकिलाचा सल्ला घ्यायला मात्र कुणी अडवलेलं नाही. मुलींना सगळ्यात जास्त धास्ती असते ती त्याच्यासमोर बसून सांगण्याची. इथे एक जुना निकाल उपयोगी पडतो. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयात काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले होते. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या माघारी घेतले आणि मुलांना आरोप कळवून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. ही पद्धत अन्यायाची नाही, अशा परिस्थितीत मुलींना समोर उभं करणंच अव्यवहार्य ठरलं असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली म्हटलं. हा निकाल आणि गोव्याचा निकाल शेजारी ठेवले की समितीने काय करायचं ते स्पष्ट होतं. आरोप काय आहे आणि पुरावा काय आहे हे समोरच्याला कळलंच पाहिजे, उत्तर द्यायला वाजवी वेळ मिळालाच पाहिजे. पण त्यासाठी दोघांना एका टेबलाशी बसवण्याची गरज नाही. प्रश्न लेखी घेऊन अध्यक्षांमार्फत विचारता येतात, मध्ये पडदा लावता येतो. ‘समोरासमोर बसा, मगच खरं-खोटं कळेल’ असं कुणी म्हणालं तर पर्यायी पद्धतीची मागणी लेखी करा आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्या.

याच ठिकाणी खोट्या तक्रारींचा मुद्दा काढला जातो. तो धुडकावून लावू नये, कारण निर्दोष माणसावर आळ आला तर त्याचंही आयुष्य विस्कटतं. पण कायद्याने याचा विचार केलेला आहे. तक्रार जाणूनबुजून, द्वेषाने खोटी केली असं स्वतंत्र चौकशीत दिसलं तर कारवाई होऊ शकते, आणि त्याच कलमात असंही म्हटलं आहे की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. दोहोंतलं अंतर मोठं आहे. बंद केबिनमध्ये घडलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतोच. म्हणून इथे फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही. सगळ्या परिस्थितीचा विचार करता काय घडलं असण्याची शक्यता अधिक आहे, एवढं समितीने ठरवायचं. तिने त्याच दिवशी मैत्रिणीला पाठवलेला मेसेज, अचानक बदललेली हजेरी, आधी आणि नंतर मिळालेले मार्क हे सगळं पुरावा होतं. खोट्या तक्रारीला आळा घालणारी गोष्टही हीच काळजीपूर्वक चौकशी. ज्यांना खोट्या आळाची भीती वाटते त्यांनी तर समिती अधिक सक्षम व्हावी असाच आग्रह धरला पाहिजे. प्रत्यक्षात तो आग्रह त्यांच्याकडून क्वचितच ऐकू येतो.

समेटाबद्दल थोडं. ‘त्याच्या करिअरचा प्रश्न आहे, माफी मागेल, मिटवून टाका’ हा सूर बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच लागतो. कायद्यात समेटाला जागा आहे, पण तक्रारदाराने स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्यापूर्वीच, आणि पैशाच्या देवघेवीवर तो मुळीच करता येत नाही. समितीने आपण होऊन तो सुचवणं चूक आहे. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यात तर तो विचारही करू नये. तिथे पोलिसांत जाण्याचा मार्ग समितीच्या जोडीने खुला असतो, एकाने दुसरा बंद होत नाही, आणि फिर्याद नोंदवायला मदत करणं हे संस्थेचं काम आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. त्याआधीसुद्धा रुग्णालय गाठता येतं: खाजगी असो वा सरकारी, बलात्कार पीडितेवर तत्काळ आणि मोफत उपचार करणं प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, म्हणून तक्रारीचा निर्णय नंतर घेतला तरी दवाखान्याला उशीर नको. बलात्कार आणि पॉक्सोच्या प्रकरणांत महाराष्ट्र शासनाची मनोधैर्य योजना आहे; त्यातली आर्थिक मदत आणि पुनर्वसनाचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होतं.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे: समिती संस्थेने नेमलेली, सदस्यांच्या बढत्या संस्थेच्या हातात, मग ती संस्थेविरुद्ध जाईल कशी? या शंकेत तथ्य आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ पासून निवडून आलेले प्रतिनिधी असलेली समिती काम करत होती. २०१७ मध्ये तिच्या जागी नवी अंतर्गत समिती आली आणि विद्यार्थी-शिक्षकांनी स्वायत्तता गेल्याचा आरोप करत विरोध केला. समितीवर विश्वास बसायला ती कशी नेमली जाते हे महत्त्वाचं असतं, हे त्या वादातून दिसतं. पण समिती परिपूर्ण नाही म्हणून तिच्याकडे जायचंच नाही, असा निष्कर्ष काढला तर मुलीच्या हातात उरतं काय? त्यापेक्षा समितीला वाकणं कठीण होईल अशी व्यवस्था करावी. बाहेरच्या सदस्य प्रत्येक सुनावणीला हजर आहेत का पाहा. तोंडी आश्वासनं ईमेलने लिहून पाठवा, ‘आज आपण असं सांगितलंत’ म्हणून. विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकीचा आग्रह तक्रार नसतानाच धरा, कारण तक्रार आल्यावर त्यासाठी वेळ नसतो. तक्रार खुद्द संस्थाप्रमुखाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो.

गोपनीयतेच्या नावाखाली मुलीला एकटं पाडण्याचा प्रकारही होतो. ‘कुणाला सांगितलंस तर नियमभंग होईल’ असं बजावलं जातं. कायदा बंदी घालतो ती नावं, तक्रारीतला मजकूर आणि कार्यवाही लोकांपुढे किंवा माध्यमांत जाहीर करण्यावर. आईला, मोठ्या भावाला, मैत्रिणीला, समुपदेशकाला किंवा वकिलाला सांगून आधार मागण्यावर नाही. आणि पालकांना एक विनंती: ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न समितीने विचारला तर तुम्ही हरकत घ्याल, तो घरातही विचारू नका. तक्रार द्यायची की नाही हे तिला ठरवू द्या, आणि ठरल्यावर सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर कुणीतरी बसा.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल येतो आणि त्याची प्रत दोन्ही पक्षांना मिळाली पाहिजे. शिफारशींवर संस्थेने तीस दिवसांत कृती करायची असते. करायची नसेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. निर्णय मान्य नसेल तर विनियमांप्रमाणे शिफारशींच्या तारखेपासून तीस दिवसांत संस्थेच्या कार्यकारी प्राधिकरणाकडे अपील करता येतं, तेव्हा अहवाल हातात पडताच त्याच्यावरची तारीख पाहून ठेवा. निकाल बाजूने लागला तरी पुढची दोन सत्रं लक्ष ठेवण्याची असतात. सूड उघड क्वचितच उगवला जातो: शिफारसपत्र लांबतं, प्रबंध सादर करायची तारीख पुढे जाते, सेमिनारच्या यादीतून नाव गळतं. असं दिसलं की नवी तक्रार करण्याची गरज नाही. जुन्या प्रकरणाचा क्रमांक घालून समितीला पत्र द्या. सूडापासून संरक्षण देण्याची तिची जबाबदारी चौकशीबरोबर संपत नाही.